गिरणगावच्या स्मारकात कामगारही दिसावा



काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिल क्रमांक २-३ च्या आवारात मुंबई महानगरपालिकेने वस्त्रोद्योग संग्रहालयाचा प्रकल्प हाती घेतला, ही समाधानाची गोष्ट होय. मात्र धुराडे जतन केले, साचे रंगवून ठेवले आणि भोवती बाग फुलविली, एवढ्याने गिरणगावचे स्मारक उभे राहत नाही.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली पहिल्या कापडगिरणीची कंपनी स्थापन केली आणि १८५६ मध्ये ताडदेवला ती गिरणी सुरू झाली. भांडवल शेटजींचे, हात मात्र कोकणातून आणि घाटावरून आलेले. गावकीच्या एका खोलीत पाळीपाळीने झोपणारी माणसे, त्यांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बाया, भजनी मंडळे, तालमी, गणेशोत्सव यांतून लालबाग-परळची वस्ती घडली. मे महिन्यात गावी जाऊन देवाचा उत्सव साजरा करणारा हा माणूस केवळ ‘श्रमशक्ती’ नव्हता. पोथीनिष्ठ डाव्या मांडणीत तो तेवढाच उरतो.

त्याचे राष्ट्रभान पाहा. २२ जुलै १९०८ रोजी लोकमान्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा याच कामगारांनी सहा दिवस गिरण्या बंद ठेवल्या. शिक्षेच्या प्रत्येक वर्षासाठी एक दिवस! १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीला विदेशी कापडाच्या गाडीपुढे ठाण मांडून प्राण देणारा बाबू गेनू गिरणी कामगारच होता. १८९० मध्ये रविवारची सुटी मिळवून देणारे नारायण मेघाजी लोखंडे तर आज किती जणांना ठाऊक आहेत? १८ जानेवारी १९८२ चा संप मात्र सर्वांना आठवतो. सुमारे अडीच लाख कामगारांची ती शोकांतिका खरीच. पण गिरणगाव जणू त्या दिवशीच जन्मले, असे अनेकांचे लेखन वाचून वाटते.

पुढे जमिनीचा प्रश्न आला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ नुसार गिरण्यांच्या जमिनीची पालिका, म्हाडा आणि मालक अशी त्रिभागणी व्हायची होती. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ मोकळ्या भूखंडापुरती उरली, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयानेही ती ग्राह्य धरली. उद्यानांची जागा तेथेच आक्रसली. म्हणून हाती आलेल्या तुकड्याचे मोल अधिक.

अमेरिकेतील लोवेल या गिरण्यांच्या नगराला १९७८ साली राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानाचा दर्जा मिळाला. तेथील बूट मिलमध्ये साचे प्रत्यक्ष चालवून दाखवतात. त्यांचा आवाज असा, की पाहुण्यांच्या कानांत बोळे देतात. गिरणीत राबणाऱ्या मुलींचे वसतिगृहही तेथे पाहायला मिळते.

काळाचौकीतही साचा चालता हवा. शेजारी दहा-बारा वळकट्यांची ती खोली हवी. खानावळीची चूलही हवी. आणि हे सारे समजावून सांगायला साचेखात्यातलाच माणूस हवा. १९८२ साली ऐन विशीत असलेला कामगार आज साठी ओलांडून गेला आहे.