बाग आमची, डबी त्यांची
(शुक्रवार पेठ, सोलापूर येथील जिल्हा बैठकीतील भाषण)



आज भावाऐवजी पोटाचा विषय काढतो आहोत. शेवटी दोन्ही एकाच ठिकाणी येऊन मिळतात.

गेल्या हंगामात आमच्या घरातल्या म्हातारीचे पोट बिघडले. कुणी सांगितले, 'अँटिऑक्सिडंट'ची डबी आणा, आतड्याची गळती थांबते. डाळिंबाचे क्रेट आडतीवर टाकले, पट्टी घेतली आणि त्याच पैशातून डबी आणली. वर चित्र कशाचे? डाळिंबाचे! महिनाभर गोळ्या खाऊन गुण नाही. मग डॉक्टरांनी विचारले, गुडघ्याची गोळी किती दिवस चालू आहे? ती रोज, तीही उपाशीपोटी चालली होती. ती त्यांनी बदलली आणि पोट सावरले.

आतड्याचे आतले अस्तर पेशींच्या एकाच थराचे असते. आपल्या ताली-बांधासारखे त्याचे काम. पाणी जाऊ द्यायचे, माती धरायची. अन्नरस रक्तात सोडायचा, जंतू आणि विष अडवायचे. हे अस्तर चार-पाच दिवसांत नवे होते. दारू आणि वरचेवर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या हा बांध फोडतात.

मग डबी बांध घालते का? डाळिंबाच्या दाण्यात, त्याहून जास्त सालीत, जे टॅनिन असते त्यापासून आतड्यातले जंतू 'युरोलिथिन' नावाचा पदार्थ बनवतात. त्याने आतड्याच्या पेशींचे सांधे घट्ट होतात असे २०१९ साली प्रयोगात दिसले. पण ते उंदरांत! माणसांचे म्हणाल, तर सगळ्यांच्या पोटात हे जंतू सारखे नसतात. एकाला बनते, दुसऱ्याला बनत नाही.

आणि गोळी निरुपद्रवी असते असेही समजू नका. फिनलंडमध्ये २९,१३३ विडी-सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. १९९४ साली निकाल आला. बीटा कॅरोटीनची गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी झाला नाही, उलट १८ टक्के जास्त निघाला. गाजर खाणे वेगळे आणि त्यातला अंश काढून रोज गिळणे वेगळे.

आतड्याच्या अस्तराचे खरे खाद्य आपल्या घरात आहे. ज्वारीचा आणि डाळीचा चोथा मोठ्या आतड्यात जातो, जंतू तो आंबवतात, त्यातून निघणाऱ्या आम्लावर तिथल्या पेशी जगतात. मंगळवेढ्याच्या ज्वारीला आणि सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आणि आम्ही मात्र दोन्ही विकून मैदा आणि डब्या आणतो!

तेव्हा एवढे करा. भाकरी सोडू नका. डागी म्हणून बाजूला काढलेले डाळिंब पोराबाळांना द्या. दुखण्याची गोळी मनाने घेऊ नका. शौचातून रक्त पडले, वजन उतरले, तर डबी नको, सरळ दवाखाना गाठा.

शेवटचे. नियमांनुसार अशा डब्यांवर 'औषधी उपयोगासाठी नाही' असे छापावे लागते. आमच्या डबीवरही ते होते, बारीक अक्षरात. आमची मागणी साधी आहे. ते अक्षर मोठे करा. आणि आमच्या सालीला काही मोल असेल, तर ते माणसांवरच्या चाचणीत सिद्ध करा आणि त्याचा दाम बांधावर द्या. खोट्या आशेवर आमचाच माल आम्हालाच विकू नका.