चाचणी भरलेल्या गाडीवर घ्या



पत्रिकेत विषय छापलाय, ‘जड वाहनाचा परवाना कसा मिळवावा’. त्याची वाट तुम्हाला ठाऊक आहे. वय 20 पूर्ण, हलक्या वाहनाचा परवाना किमान वर्षभराचा, डॉक्टरांचा दाखला, ड्रायव्हिंग स्कूलचा फॉर्म 5 आणि आपल्या वसई-विरारच्या एमएच 48 आरटीओत चाचणी. आठवी पासची अट 2019 मध्ये गेली. तेव्हा त्यात वेळ घालवत नाही. मला एकच मागणी मांडायची आहे : ही चाचणी भरलेल्या गाडीवर घ्या.

आज मुलगा रिकामा ट्रक चालवून पास होतो आणि कामावर लागला की पहिल्याच खेपेला मागे दहा टन माल असतो. रिकाम्या गाडीचा ब्रेक आणि भरलेल्या गाडीचा ब्रेक यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आपल्याकडचा पाण्याचा टँकरच घ्या. (हशा) हसताय, कारण सकाळी सोसायटीच्या दारात त्याचीच वाट पाहिलीत! दहा हजार लिटर पाणी म्हणजे दहा टन. टँकर काठोकाठ भरलेला असेल तर पाणी हलायला जागा नसते. अर्धा एका सोसायटीत रिकामा केला, अर्धा दुसरीकडे न्यायचा, की खरा धोका सुरू होतो. अर्धी कळशी काखेत घेऊन झटकन वळून पाहा. ब्रेक मारला की पाणी पुढे धावतं आणि गाडीला ढकलतं. वळणावर सगळं बाहेरच्या बाजूला जातं आणि गाडी कलंडू पाहते. टाकीत आडवे पत्रे असले तर पुढे-मागे होणारी लाट थोडी मोडते, पण वळणावरची बाजूची लाट त्यांना थोपवता येत नाही. तिथे वेग आधीच कमी करणं एवढाच उपाय. गोखिवऱ्याचा एक जुना ड्रायव्हर मला म्हणाला, “साहेब, पाणी मागून हात लावतं, ते ओळखायला शिकलो तेव्हा ड्रायव्हर झालो.” हे त्याला क्लिनर म्हणून शेजारी बसून कळलं. चाचणीत कुणी विचारलं नाही.

मागच्या रांगेत टँकरवाले बंधू बसलेत, त्यांची चुळबुळ दिसतेय. बाबांनो, बोट तुमच्याकडे नाही. तुम्हाला शिकवण्याची जबाबदारी ज्यांची, त्यांच्याकडे आहे.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरली. मग थोडक्यात. मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांत जड वाहनासाठी 38 तासांचा अभ्यासक्रम आहे. त्यातले काही तास भार लादून द्या. दुसरं, 6 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलं की हलक्या वाहनाच्या परवान्यावर साडेसात हजार किलोपर्यंतचं मालवाहू वाहन चालवता येतं. रोजगारासाठी ते चांगलंच झालं. पण त्यामुळे टेम्पोवाल्या पोराचीही भारासहित परीक्षा कुठेच होत नाही. खर्चाचं म्हणाल, तर चाचणीच्या मैदानात वाळूच्या गोण्या ठेवायला फारसे पैसे लागत नाहीत.

चिंचोटी ते विरार फाटा या महामार्गावर आपली मुलं रोज या गाड्यांच्या शेजारून दुचाकीने जातात. म्हणून इथल्या सोसायट्यांच्या पदाधिकाऱ्यांना हात जोडून सांगतो : टँकर मागवताना भाव विचारता, तसा ड्रायव्हरचा परवाना बघा आणि आज तो किती तास गाडीवर आहे तेही विचारा. आरटीओकडे जाणाऱ्या मागणीपत्रावर आज रात्री दारातच सही करून जा.