बायकांच्या हुकमातला मठ
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा परदेशच्या प्रवासाचे साग्रसंगीत वर्णन माझ्याकडून होणार नाही. माझे धाकटे दीर पॅरिसला असतात. गेल्या मे महिन्यात त्यांनी आम्हा दोघांना आणि वन्संना बोलावून घेतले. आयफेल मनोऱ्याचे फोटो तुम्ही सर्वांनी पाहिले आहेत, म्हणून ते सोडते. एक शनिवार-रविवार आम्ही फाँतव्रोच्या मठात राहिलो, तेवढेच सांगते.

पॅरिसहून मोटारीने तीन-साडेतीन तास लागतात. वाटेत भावजींनी वन्संच्या गिरणीचा विषय काढला. वन्संचे यजमान वारल्याला 12 वर्षे झाली. तेव्हापासून पिठाची गिरणी त्याच चालवतात. "अक्का, आता विकून टाक. पैसे बँकेत ठेवू, पुढचे आम्ही दोघे भाऊ बघतो." यांनीही मान डोलावली. कागद तयार होते, सहीच राहिली होती. वन्सं खिडकीबाहेर बघत बसल्या.

मठ कसला, गावच ते! 1101 साली रॉबेर नावाच्या साधूने तो स्थापला. जोगिणींचा वाडा वेगळा, साधूंचा वेगळा, वाईट मार्ग सोडून आलेल्या बायकांचा वेगळा आणि कुष्ठरोग्यांचा वेगळा. आम्ही उतरलो तो भाग कुष्ठरोग्यांचा. आता तेथे हॉटेल आहे. हे कळल्यावर आमच्या घरच्यांनी उशी दोनदा झटकली!

दुपारी माहिती सांगणारी बाई आली. ती फ्रेंचमध्ये सांगे आणि जाऊबाई मराठीत. ह्या सगळ्या पसाऱ्यावर हुकूम चाले तो एका बाईचा. साधूंनीसुद्धा तिच्या आज्ञेत राहायचे! 1792 साली राज्यक्रांतीत जोगिणींना बाहेर काढले, तोवर एकामागून एक 36 बायका त्या गादीवर बसल्या. पहिली पेत्रोनिय, 1115 साली नेमलेली. ती विधवा होती. मठातच लहानाची मोठी झालेली मुलगी गादीवर नको, असे रॉबेरचे सांगणे होते. तिला जपजाप्य येईल, पण व्यवहार कळायचा नाही. संसार पाहिलेली बाईच हवी. दुसरी मातिल्द. ती इंग्लंडच्या राजाची सून. 1119 मध्ये लग्न झाले आणि 1120 मध्ये नवरा जहाजासकट बुडाला. पोरवयाची विधवा, पण पुढे ह्याच मठाची मुख्य झाली. वन्संनी जाऊबाईंना हे दोनदा विचारून घेतले.

मला स्वयंपाकघर आवडले. इमारत दगडी, आठकोनी, वर माशाच्या खवल्यांसारखे दगडी छप्पर आणि धुराडीच धुराडी. तेथे मासे धुरावत, असेही म्हणतात. नऊशे वर्षांपूर्वी धूर बाहेर काढायची एवढी सोय! माझ्या आजीचे डोळे चुलीपाशीच गेले. तिच्या वेळी एखादे धुराडे कोणाला सुचले असते तर, असे मनात आल्यावाचून राहिले नाही.

मुक्कामाच्या लोकांना रात्री मठात फिरता येते. पुरुषमंडळी जेवून सुस्तावली होती. मी आणि वन्सं दोघीच देवळात गेलो. देऊळ लांबच लांब आणि रिकामे. नेपोलियनने 1804 साली मठाचा तुरुंग करायचे ठरवले, तेव्हा ह्याच देवळात मजले घालून कैदी कोंडले. तो तुरुंग 1963 पर्यंत होता. मधोमध राजाराण्यांच्या दगडी मूर्ती निजलेल्या. एलिअनोर राणीच्या हातात उघडे पुस्तक आहे. दुसऱ्या हेन्रीने, म्हणजे तिच्या नवऱ्यानेच, तिला सुमारे 15 वर्षे नजरकैदेत ठेवले होते. तो 1189 मध्ये मेला तेव्हा ती सुटली आणि 1204 पर्यंत जगली. आता तो तिच्या शेजारी डोळे मिटून पडला आहे, आणि ही आपली वाचते आहे.

वन्सं तिच्यापाशी बराच वेळ उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "वहिनी, गिरणीचा हिशेब मी कधी चुकवला आहे का?"

मी म्हटले, "नाही."

रविवारी सकाळी चहाच्या टेबलावर त्यांनी कागद घडी घालून भावजींपुढे ठेवले. "मी सही करत नाही." एवढेच बोलल्या आणि पावाला लोणी लावू लागल्या. हे चिडले, परतीच्या वाटेवर मोटारीत कोणी फारसे बोललेच नाही. अजूनही घरात तो विषय निघाला की आवाज चढतात.

वन्सं आज येथे आल्या असत्या. पण गिरणीच्या दगडांना टाकी लावणारा माणूस आजच यायचा होता.