दोन तट्टं

(स्नेहमेळाव्यात केलेले मनोगत)



"इंग्लंडमधले अनुभव सांग," असं मला सांगितलंय. तिथल्या थंडीबद्दल तुम्ही पुष्कळ ऐकलं असेल, म्हणून मी तट्टांबद्दल बोलणार आहे.

यॉर्कशरमधल्या आमच्या खेड्यात दर उन्हाळ्यात शेतकी प्रदर्शन भरतं. गायी, मेंढ्या, मुरंबे, आणि शेटलंड जातीची तट्टं. त्यांतल्या सगळ्यांत छोट्या गटात खांद्याच्या उंचवट्यापर्यंत ३४ इंच, एवढीच उंची चालते. म्हणजे आपल्या वर्गातल्या बाकापेक्षा जराशी जास्त! त्यावर बसायचं नसतं. मुलांनी दोरी धरून शेजारून चालायचं, मग दुडकी पळवायचं आणि परीक्षकांपुढे आपल्या पी.टी.च्या सरांच्या 'सावधान'सारखं उभं करायचं. माझ्या मुलीला नवव्या वर्षी याचं वेड लागलं.

पहिली तट्टाणी मी दहा मिनिटांत पसंत केली. सारंगखेड्याच्या यात्रेत आजोबांचं बोट धरून हिंडलेल्या मुलीनं! सोनेरी रंग, डोळ्यांवर आलेली आयाळ, गुबगुबीत मान. मला ती मान तब्येतीची खूण वाटली. मानेवरची तसली टणक चरबी धोक्याची असते, हे नंतर कळलं. ही जात मूळची उत्तरेकडच्या वाऱ्यापावसाच्या बेटांवरची, खुरट्या गवतावर निभावून नेणारी. आमच्याकडे वसंतातलं लुसलुशीत, साखरेनं भरलेलं कुरण. वर मुलगी खाऊ द्यायची, आणि मी पाहून न पाहिल्यासारखं करायचे. मे महिन्यात एके सकाळी ती जागची हलेना. पुढचे पाय पुढे टाकून, सगळा भार मागे घेऊन उभी. खुराच्या आत हाडाला धरून ठेवणारा थर सुजतो. लॅमिनायटिस म्हणतात त्याला. ती वाचली, पण प्रदर्शनात पळणं संपलं.

मुलीनं विचारलं, "आई, माझ्या गाजरांमुळे का गं?"

मी म्हटलं, "नाही. निवड माझी होती."

दोन वर्षांनी दुसरं बघायला गेले तेव्हा आजोबा आठवले. यात्रेत बाकीचे लोक देवमणी आहे का, भोवरे कुठे आहेत ते बघत, पण आजोबा आधी लांब बसून राहायचे. बांधलेलं घोडं शेजारून माणूस गेला की काय करतं, कान कुठे जातात, पाणी कसं पितं. मीही कुंपणाशी तासभर उभी राहिले, त्या थंडीत! मग ओठ वर करून दात पाहिले. फार लहान केलेल्या जातीत डोकं लहान होतं, पण दात त्या मानानं लहान होत नाहीत, त्यामुळे दाटी होते आणि वरचे-खालचे नीट जुळत नाहीत. मागून सरळ चालवून पाहिलं, कारण मागच्या पायाची वाटी सरकण्याचा दोषही यांच्यात आढळतो. मग पासपोर्ट तपासला. हसू नका, तिथे प्रत्येक घोड्याला पासपोर्ट लागतो, आणि व्हिसासाठी आम्ही घातलेले हेलपाटे त्यांना घालावे लागत नाहीत. शेवटी दोरी मुलीच्या हातात दिली आणि गप्प बसले. अकरा वर्षांचं, खच्ची केलेलं, काळंकुट्ट, दिसायला अगदी साधं तट्टू. ती थांबली की ते थांबत होतं.

मालकीणबाई वयस्कर. पैशांचं बोलण्याआधी त्यांनी मलाच विचारलं, "तुमचं वय काय?" मी गडबडले. म्हणाल्या, "ही जनावरं तीस वर्षंही जगतात. मुलगी पाच-सात वर्षांत शिकायला जाईल. मग कोण?" असा प्रश्न पहिल्या वेळी मला कुणी विचारला नव्हता, आणि मीही स्वतःला विचारला नव्हता. उत्तर द्यायला मी आठवडाभर घेतला. घरी बसून हिशेब केला, यांच्याशी दोनदा भांडण झालं, मग फोन करून "मी" म्हणून सांगितलं.

त्या वर्षी प्रदर्शनात सहांमध्ये चौथा नंबर आला. मुलगी आता दूरच्या शहरात शिकते. मी रोज कामावर जाण्याआधी दोघांना खरारा करते, सुकं गवत तोलून घालते. ती सोनेरी अजून आहे, गवत नसलेल्या आवारात, माझ्यावर थोडी रुसून. काळा तिच्या शेजारी.

फोटो मोबाईलमध्ये आहेत. जेवणाच्या पंगतीत दाखवते. सरांनी चष्मा घेऊन यावं, तट्टं खरंच फार छोटी आहेत.