दोघं जमले की बैठक



लेकराच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ पोळ्यापर्यंत टिकते आणि पोळ्याच्या संध्याकाळी मोडते. व्यसनमुक्तीच्या कामात ही हकिगत मी कितीतरी घरांत ऐकली आहे. घरचे म्हणतात, "याला लेकराचीसुद्धा माया नाही." माया असते. शपथ घेतानाचं डोळ्यांतलं पाणीही खरं असतं. पण दारूचं व्यसन हा आजार आहे आणि शपथ हे काही त्याचं औषध नाही.

आपल्या परभणी भागात माळ घालून दारू सोडलेली माणसं गावोगाव भेटतात. त्यांना विचारून बघा. माळेबरोबर भजन आलं, एकादशी आली, वारी आली. दिवस मावळला की जाऊन बसायला जागा मिळाली आणि "काल का नाही आलास?" असं विचारणारं माणूस मिळालं. व्यसनमुक्तीच्या बैठकीतही हेच मिळतं.

या बैठकांची सुरुवात १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात झाली. बिल नावाचा एक माणूस धंद्यात अपयश घेऊन तिथल्या हॉटेलात उभा होता. दारू सोडून त्याला पाचेक महिने झाले होते आणि शेजारच्या बारमधला गलका कानावर येत होता. त्याच्या मनानं घेतलं, आत्ता आपल्यासारख्याच कुणाशी बोललो नाही तर आपण पिणार. फोन करत करत तो डॉक्टर बॉब नावाच्या सर्जनपर्यंत पोचला. तेही दारूनं गांजलेले. पंधरा मिनिटं देतो म्हणालेले डॉक्टर कित्येक तास बोलत बसले, कारण बिलनं उपदेश केला नाही, स्वतःची कहाणी सांगितली. १० जून १९३५ नंतर डॉक्टरांनी दारूला हात लावला नाही. तोच दिवस 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस', म्हणजे 'एए'चा स्थापना दिवस. १९५७ पासून हे काम भारतात चालू आहे. पुण्यात अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रातही उपचार संपल्यावर पाठपुराव्याच्या बैठकांवर भर असतो. २०२० साली जगभरातले २७ अभ्यास एकत्र तपासले गेले. पूर्ण दारूमुक्त राहण्यासाठी एएच्या वाटेनं जाणारे उपचार इतर प्रचलित उपचारांपेक्षा सरस ठरले.

बैठकीत काय होतं? शाळेची नाहीतर दवाखान्याची एखादी खोली, काही खुर्च्या, चहा. एकजण उठतो, नुसतं पहिलं नाव सांगतो, "मी मद्यपी आहे" म्हणतो आणि आपली हकिगत सांगतो. मध्ये कुणी बोलत नाही, सल्ला देत नाही. फी नाही. जात-धर्म, आडनाव, गाव कुणी विचारत नाही. दारू सोडायची इच्छा, एवढी एकच अट. पहिल्या दिवशी तुम्ही तोंड उघडलं नाही तरी चालतं. फक्त निघताना एक काम करा: एखाद्या जुन्या सदस्याचा फोन नंबर घ्या. तलफ रात्री अकराला येते, बैठकीच्या वेळी येत नाही.

बैठक शोधायची कशी? १४४४६ या व्यसनमुक्तीच्या सरकारी नंबरवर विचारा. फोन मोफत आहे. मनाच्या कुठल्याही त्रासासाठी १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे. परभणीच्या जिल्हा रुग्णालयातल्या मनोविकार विभागातही चौकशी करा. विचारताना वार, वेळ आणि बैठक खुली आहे की फक्त सदस्यांसाठी, हे नीट विचारून घ्या. खुल्या बैठकीला घरच्यांनाही जाता येतं. जिंतूर, पालम, सोनपेठकडच्या मंडळींनी परतीची शेवटची एसटी आधी बघावी. जाणं जमत नसेल त्या आठवड्यात मोबाइलवरच्या बैठकीला बसा. कुणी ओळखीचं भेटेल, ही भीती सोडा. तोही त्याच कामासाठी आलेला असतो.

दोन गोष्टी मात्र जपा. रोज भरपूर पिणाऱ्यानं दारू एकदम, डॉक्टरांना न विचारता बंद करू नये. हात थरथरणं, घाम, भास, फिट, असं काही झालं तर तडक दवाखाना गाठा. यात जीवही जाऊ शकतो. आणि मायबहिणींनो, 'नकळत दारू सोडवा' अशा जाहिरातींना भुलून चहात पुड्या कालवू नका. काही औषधांवर दारू पोटात गेली की माणूस दगावू शकतो. तुमच्यासाठीही बैठका आहेत: 'अल-अनॉन' या नावाच्या, आणि मुक्तांगणचा पत्नींसाठीचा 'सहचरी' गट. तुमच्या नवऱ्यानं सोडेपर्यंत थांबू नका, तुम्ही आधी जा.

जवळपास एकही बैठक नसेल तर? एएच्या रीतीनं दारू सोडू पाहणारे दोघं-तिघं एकत्र बसले की तो गट झाला. अ‍ॅक्रनमध्येही दोघंच होते. तुमच्या गावातही सोडलेला किंवा सोडू पाहणारा एखादा असेलच. त्याच्या ओट्यावर जाऊन बसा.

पोळा दरवर्षी येणार. त्या संध्याकाळी कुठं बसायचं आणि कुणाला फोन करायचा, हे आजच ठरवून ठेवा.