गेल्या वर्षीचा गॅस गेला कुठे?



उन्हाळा तोंडावर आला की जुन्या मोटारीच्या मालकाला एका ठरावीक खर्चाची आठवण होते. गाडीतील थंड हवेचे यंत्र रुसलेले असते. गाडी गॅरेजात न्यावयाची, 'गॅस संपला आहे' हे निदान ऐकावयाचे, गॅस भरून घ्यावयाचा आणि दोन महिने गारवा भोगून पुढच्या वर्षी पुन्हा तेच करावयाचे, असा हा कुळाचार पुष्कळ घरांत चालू आहे. आमच्या घरीही तो तीन वर्षे चालला होता.

आमची गाडी २००४ सालची, लहानशी. नवी घेण्याची ऐपत नाही, आणि बडोद्यातील वैशाखाच्या दुपारी मातोश्रींना आठवड्यातून दोनदा रुग्णालयात नेण्यावाचून गत्यंतर नाही. तिसऱ्या वर्षी गॅस भरून तीनच आठवडे झाले होते. परतताना गाडीत गरम वाफा येऊ लागल्या, मातोश्रींना घेरी आली, आणि एका लिंबाच्या सावलीत गाडी उभी करून त्यांच्या तोंडावर पाणी शिंपडण्याची वेळ आली. गॅरेजवाल्यांनी आता सगळे यंत्रच बदलावयास सांगितले. तो आकडा ऐकून मी दुसरीकडे, एका वयस्क मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी बॉनेट उघडण्यापूर्वीच विचारले, "साहेब, गेल्या वर्षी भरलेला गॅस गेला कुठे, हे कोणी पाहिलं का?"

या एका प्रश्नात सारे मर्म आहे. आपली समजूत अशी असते की, पेट्रोल जळते तसा गॅसही वापरला जातो. पण तसे नाही. आपला मातीचा माठ आठवा. माठाच्या अंगातून पाणी पाझरते, त्याची वाफ होते, आणि वाफ होताना ती उष्णता घेऊन जाते. म्हणून आतले पाणी गार होते. मोटारीतील यंत्र याच तत्त्वावर चालते. त्यातील आर-१३४ए नावाचा द्रव शून्याखाली २६ अंशांवरच उकळतो. डॅशबोर्डमागील कूलिंग कॉइलमध्ये तो उकळतो आणि गाडीतील हवेची उष्णता शोषून घेतो. माठाची वाफ मात्र हवेत निघून जाते, म्हणून माठ भरावा लागतो. येथे काँप्रेसर ती वाफ ओढून दाबतो, पुढच्या जाळीतील कंडेन्सरमध्ये ती उष्णता टाकून पुन्हा द्रव होते, आणि फेरा चालू राहतो. हा फेरा बंदिस्त आहे. जुन्या गाडीत नळ्यांतून व सांध्यांतून वर्षानुवर्षे किंचित पाझर होतो हे खरे. परंतु जो गॅस तीन आठवड्यांत नाहीसा होतो, तो संपलेला नसतो, गळालेला असतो.

अर्थात प्रत्येक वेळी दोष गॅसचाच असतो असेही नाही. गॅरेजात जाण्यापूर्वी काही गोष्टी आपल्या आपण पाहता येतात. हवा गार आहे पण झोत मंद आहे, तर धुळीने भरलेला फिल्टर किंवा पंखा पाहावा. गाडी धावताना गारवा येतो आणि सिग्नलला उभी राहताच नाहीसा होतो, तर कंडेन्सरवरचा पंखा फिरतो की नाही आणि जाळीत धूळ-किडे साचले आहेत काय, हे तपासावे. प्रथम चांगली गार हवा येऊन मग झोतच कमी होत गेला, तर कॉइलवर बर्फ धरत असावा. बटण दाबल्यावर काँप्रेसरच्या क्लचचा 'टक्' असा आवाज आला नाही, तर फ्यूज, रिले, तारा यांकडे लक्ष द्यावे. गॅस फार कमी असला तरी तो आवाज येत नाही. हीटरकडे जाणारी गरम पाण्याची वाट पुरती बंद होत नसली, तर एकीकडे गारवा आणि दुसरीकडे शेगडी अशी अवस्था होते. यांपैकी कोणत्याही रोगावर नुसता गॅस भरणे हे औषध नव्हे.

गळतीची खूण मात्र डोळ्यांना दिसते. गॅसबरोबर काँप्रेसरचे तेलही बाहेर येते आणि सांध्यावर धूळ चिकटून तेलकट डाग पडतो. आमच्या गाडीत तो कंडेन्सरच्या सांध्यावर होता. मिस्त्रींनी नळ्यांत नायट्रोजनचा दाब दिला आणि साबणाचे पाणी लावले. सांध्यावर बारीक बुडबुडे आले; गॅस भरावयाच्या तोंडावरही आले. एका ठिकाणी रबरी कडी कडक होऊन चिरली होती. दुसऱ्या ठिकाणी आतली झडप सैल होती, आणि वरचे टोपण कोणीतरी बसवलेच नव्हते.

कडी, झडप आणि ओल शोषणारा ड्रायर एवढे बदलले. नंतर व्हॅक्यूम पंप लावून सुमारे पाऊण तास आतली हवा व दमटपणा काढला, काटा स्थिर राहतो का हे पाहिले, योग्य जातीचे तेल घातले, आणि बॉनेटखालच्या चिठ्ठीवर लिहिले होते तेवढाच गॅस वजन करून भरला. अंदाजाने भरलेला जादा गॅसही गारवा कमीच करतो.

दोन गोष्टींपासून सावध राहावे. दाब घटला की काँप्रेसर थांबवणारा एक स्विच असतो. त्याच्या तारा परस्पर जोडून 'काम चालवून' देणारे कारागीर आहेत. अशाने तेलावाचून काँप्रेसर जळतो आणि मग खरोखरच मोठा खर्च येतो. तसेच स्वस्त म्हणून स्वयंपाकाचा गॅस यंत्रात कदापि भरू देऊ नये. गळती होऊन ठिणगी पडली, तर गाडीतील माणसांच्या जिवावर बेतेल. सांधे घरी उघडू नयेत. निसटता द्रव डोळ्यांत गेला तर डोळा गोठतो.

यात एक सामाजिक बाजूही आहे. पूर्वीचा आर-१२ हा गॅस पृथ्वीभोवतीच्या ओझोनच्या थराला घातक ठरला, म्हणून १९८७ च्या मॉन्ट्रियल करारान्वये तो मागे पडला. आर-१३४ए ओझोनला अपाय करीत नाही. परंतु वातावरण तापविण्याच्या बाबतीत वजनाला वजन तो कर्बवायूच्या हजारपटीहून अधिक प्रभावी आहे. म्हणजे गळका सांधा तसाच ठेवून दरवर्षी गॅस भरणारा मनुष्य आपल्या पैशाने पुढचा उन्हाळा अधिक कडक करीत असतो.

त्या दुरुस्तीनंतर दोन उन्हाळे गेले. गॅस भरावा लागलेला नाही. मातोश्री आता दुपारी गाडीत डुलकी घेतात. म्हणून सांगणे एवढेच की, 'गॅस संपला' असे कोणी म्हणाले तर पैशाचे पाकीट उघडण्यापूर्वी नम्रपणे विचारावे, 'तो गेला कुठे?' उत्तर देणारा कारागीर भेटला, तर त्याला सोडू नये.