लेकीमुळे टिकलेली पदवी


आज ऐकूया इंग्लंडमधल्या मार्लबरो घराण्याची गोष्ट.

जॉन चर्चिल हे मोठे सेनापती.
1702 मध्ये राणी ॲनने त्यांना ड्यूक केलं.
दोन वर्षांनी त्यांनी ब्लेनहाइमची लढाई जिंकली.
फ्रेंच फौज हरली.
राणीने त्यांना ऑक्सफर्डजवळ जमीन दिली.
तिथेच उभा राहिला ब्लेनहाइम पॅलेस.

मानमरातब मिळाला, पण वारस नव्हता.
मुलगा ऐन तारुण्यात देवीच्या रोगाने गेला होता.
रिवाजाप्रमाणे अशी पदवी मुलाकडेच जायची.
मग पार्लमेंटने खास कायदा केला.
पदवी मुलींकडेही जाईल, असं ठरलं.

1722 मध्ये ड्यूक वारले.
थोरली लेक हेन्रिएटा स्वतःच्या हक्काने डचेस झाली.
तिच्यानंतर पदवी गेली तिच्या बहिणीच्या मुलाकडे, चार्ल्स स्पेन्सरकडे.
पुढचे सगळे ड्यूक त्याच वंशातले.
म्हणजेच, लेकीच्या वंशातले!

पंतप्रधान विन्स्टन चर्चिल याच घराण्यातले.
त्यांचा जन्मही ब्लेनहाइम पॅलेसमधलाच.
ते स्वतः मात्र कधी ड्यूक झाले नाहीत.

तेव्हा श्रोतेहो, एवढं लक्षात ठेवा.
मार्लबरोची पदवी मिळवली सेनापतीने,
पण ती टिकली त्याच्या लेकींमुळे.